एक टेम्पो फ्लॉवर

दुकानात पाऊल टाकताच खरेबुवांनी सवयीने खोल श्वास घेतला आणि तो अर्ध्यातच अडकला. व्हॅलेंटाइन डेच्या सकाळी दुकानात गुलाबांचा असा काही घमघमाट असायचा, की फक्त पत्ता विचारायला आलेला माणूससुद्धा उगीचच थोडा वेळ रेंगाळायचा. आज वास येत होता तो भाजी निवडून झाल्यावर ओट्यावर राहतो तसला.

दुकानाच्या मधोमध गोणी रचल्या होत्या. एक गोणी उसवलेली होती आणि तिच्यातून हिरव्या पानांत गुरफटलेले पांढरेशुभ्र गड्डे बाहेर डोकावत होते. गुलाबांसाठी घासून ठेवलेली बादली पालथी घालून तिच्यावर त्यांचा मेव्हणा बसला होता. भावोजी आलेले त्याला कळलं होतं, पण मान वर करायची त्याची तयारी नव्हती.

"हे काय आहे?" खरेबुवांनी विचारलं.

"फ्लॉवर."

"ते मला दिसतंय. गुलाब कुठे आहेत?"

"ड्रायव्हरने विचारलं, तुमचा माल कोणता. मी म्हटलं, फ्लॉवर."

"गुलाब म्हणायला जीभ झडली होती का?"

"भावोजी, आता सगळे फ्लॉवरच म्हणतात. गुलाब म्हणजे कसं... जुनाट वाटतं."

झालं होतं ते एवढंच. टेम्पोत दोन ठिकाणचा माल होता. ड्रायव्हरने खाली न उतरता विचारलं, मेव्हण्याने ऐटीत उत्तर दिलं, आणि ड्रायव्हरने इमानदारीने सगळा फ्लॉवर उतरवून उरलेली खोकी दुसऱ्या पत्त्यावर नेली. मेव्हण्याने गोणी उघडल्या तेव्हा टेम्पो दिसेनासा झाला होता. त्यानंतर तो सारखा ड्रायव्हरला फोन लावत होता आणि पलीकडची बाई सारखी सांगत होती, की आपण ज्यांच्याशी संपर्क साधू इच्छिता ते क्षेत्राबाहेर आहेत.

खरेबुवा मटकन खुर्चीत बसले. त्यांचं आडनाव काही खरे नव्हतं. हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी दिलं होतं. "ही फुलं टिकतील ना?" असं कोणी विचारलं, तर ते शांतपणे "नाही" म्हणत. एका नवरदेवाला तर त्यांनी सांगितलं होतं, की कोटाला कोणतंही फूल लावा, कोट मुळात वाईट शिवलाय. धंद्याला घातक अशी ही खोड त्यांना उपजतच होती. त्यांच्या बायकोच्या भावाला तेवढी एक सोडून बाकी सगळ्या खोडी होत्या. त्याच्या तीन नोकऱ्या सुटल्या होत्या. "एकदाच संधी द्या हो त्याला," असं बायको म्हणाली म्हणून तो महिन्याभरापूर्वी दुकानात आला होता.

"शटर खाली घे," खरेबुवा म्हणाले. "आज दुकान बंद."

"भावोजी, वर्षाचा धंदा आहे आजचा."

"कशाचा धंदा? या दिवशी माणसं प्रेम व्यक्त करायला येतात. त्यांना काय भाजी देऊ?"

मेव्हणा उठला, पण अर्धवट उघडलेल्या शटरला हात लावायच्या आतच त्याखालून वाकून एक माणूस आत आला. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले दातांचे डॉक्टर. दुसऱ्यांची तोंडं दिवसभर उघडणारा हा माणूस स्वतःचं तोंड उघडायला भारी लाजायचा.

"एक गुलाब द्या," ते म्हणाले. "चांगला. म्हणजे फार मोठा नको. तसा अगदी लहानही नको."

"गुलाब नाहीत," खरेबुवा म्हणाले.

डॉक्टरांचा चेहरा असा उतरला, की खरेबुवांना दातदुखीने बेजार झालेलं कोणी माणूस समोर उभं असल्यासारखं वाटलं. दवाखान्यासमोरच्या चष्म्याच्या दुकानात एक मुलगी होती हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. डॉक्टरांची नजर उत्तम असूनही त्यांनी वर्षभरात चार चष्मे केले होते.

"पुढच्या आठवड्यात तिची बदली आहे," डॉक्टर पुटपुटले. "दुसऱ्या शाखेत. लांब. आज विचारायचं असं ठरवलं होतं. पण आता रिकाम्या हाताने..."

"डॉक्टर," मेव्हणा एकदम पुढे झाला, "गुलाब तर कोणीही देतं. मूळ प्रथा ठाऊक आहे का तुम्हाला?"

"कसली?"

"व्हॅलेंटाइनची. मूळ प्रथा फ्लॉवरची. गुलाब फार नंतर आले." त्याने एक गड्डा उचलून दोन्ही हातांवर तोलला. "हे बघा. तुरे किती, पण देठ एकच. आणि बाहेरून पांढरा तसाच आतूनही पांढरा. पूर्वी हा द्यायचा म्हणजे न बोलता सांगायचं, की माझ्या मनात लपवलेलं काही नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढून गड्ड्याकडे निरखून पाहिलं. "आत अळी निघाली तर?"

"म्हणून तर दोघांनी मिळून उघडायचा!" मेव्हणा म्हणाला. "तीच तर खरी परीक्षा."

खरेबुवांनी तोंड उघडलं. हे थोतांड आहे, असं ते सांगणारच होते. पण डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मघाशी विझलेलं काहीतरी पुन्हा पेटलं होतं, आणि ते फुंकर घालून विझवायचं कसं, हे खरेबुवांना ऐनवेळी सुचेना. त्यांनी तोंड मिटलं. मेव्हण्याने पानं नीट सारखी केली, देठाला लाल रिबीन बांधली. डॉक्टर गड्डा छातीशी धरून निघाले. लहान मूल घेतल्यासारखे. रस्ता ओलांडताना त्यांनी दोन्हीकडे दोन-दोनदा पाहिलं.

"मार खाईल बिचारा," खरेबुवा म्हणाले. "आणि मग आपण खाऊ."

अर्ध्या तासात डॉक्टर पळत परत आले. त्यांच्या अंगात अजून पांढरा डगला होता आणि दवाखान्यात बहुधा कोणीतरी आ वासून खुर्चीत बसलेलं होतं.

"हसली," ते धापा टाकत म्हणाले. "आधी खूप हसली. मग मी प्रथा सांगितली, तर गप्प झाली. चष्म्याच्या काचा तपासायचा दिवा असतो ना, त्याच्याखाली आम्ही तो उघडला. एकेक तुरा. अळी नव्हती. मग म्हणाली, गुलाब आणला असतात तर 'विचार करून सांगते' म्हणाले असते."

"आणि आता काय म्हणाली?" मेव्हण्याने विचारलं.

डॉक्टरांनी मेव्हण्याला मिठी मारली, मग खरेबुवांना मारली, आणि मग कोणी उरलं नाही म्हणून गोणीवर थोपटून ते निघून गेले.

खरेबुवा त्यांच्या पाठमोऱ्या डगल्याकडे पाहत राहिले. इतकी वर्षं त्यांनी या एका दिवशी गुलाब विकले होते. गुलाब घेऊन गेलेला माणूस काय झालं ते सांगायला कधीच परत आला नव्हता.

त्यानंतर जे सुरू झालं, त्याला आवर घालायला खरेबुवांना सवडच मिळाली नाही. चष्म्याच्या दुकानातल्या मुलीने गड्ड्याचा फोटो मैत्रिणींना पाठवला होता. आधी मैत्रिणी आल्या, मग त्यांनी ज्यांना पाठवलं ते आले. कॉलेजातली पोरं आली. बसच्या फेरीमधून वेळ काढून एक कंडक्टर आला. एक हवालदार गणवेशात आला आणि गड्डा टोपीखाली लपवायची खटपट करत गेला. टोपी काही डोक्यावर बसेना. प्रत्येकाला मेव्हणा प्रथा सांगत होता आणि दर खेपेला ती थोडी वाढत होती.

एक बाई मात्र रागाने फणफणत आल्या. हातात रिबीन बांधलेला गड्डा.

"हा इथूनच नेला ना माझ्या नवऱ्याने?" त्यांनी खरेबुवांना विचारलं.

"हो. म्हणजे... हो."

"लग्न झाल्यापासून या माणसाने घरात साधी कोथिंबिरीची काडी आणली नाही. आज न सांगता फ्लॉवर आणला, वर रिबीन. खरं सांगा, काय केलंय त्याने? कोणाला धडक दिलीय का? नोकरी गेलीय का?"

"तसं काही नाही हो, वहिनी," मेव्हणा म्हणाला आणि प्रथा सांगू लागला. बाई आधी कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या. मग एक हात खाली आला. मग दुसरा. सांगून झाल्यावर त्यांनी गड्ड्यावरची सुटत आलेली रिबीन सारखी केली.

"एवढं सगळं मनात होतं, तर तोंडाने सांगायला काय झालं होतं?" त्या म्हणाल्या. आवाज मात्र पार मऊ झाला होता. "मेला ओट्यावर ठेवून नुसता पळून गेला." आणि त्या डोळे टिपत गेल्या.

खरेबुवांच्या अंगावर काटा आला. ही शुद्ध फसवणूक होती, आणि त्या बाईंच्या डोळ्यांतलं पाणी शुद्ध खरं होतं. या दोन गोष्टी एकाच दुकानात कशा मावतात, ते त्यांना कळेना.

दुपारपर्यंत प्रथा दुकानाबाहेर फिरून परत आली, ती ओळखू येणार नाही अशी होऊन. एका तरुणाने खरेबुवांनाच मोबाइलवर वाचून दाखवलं, की प्राचीन काळी एका राजाने माळ्याच्या मुलीसाठी राज्यातली सगळी गुलाबाची शेतं नांगरून तिथे फ्लॉवर लावला होता.

"हा राजा तू घातलास?" खरेबुवांनी मेव्हण्याच्या कानात विचारलं.

"आईशप्पत नाही, भावोजी. माझ्या गोष्टीत राजा नव्हता." मेव्हण्याचे डोळे मोठे झाले होते. "पण चांगला आहे, नाही?"

तेवढ्यात खरेबुवांच्या तोंडचं पाणी पळालं. जिन्यावरून प्राध्यापकबाई खाली येत होत्या. त्या दुकानाच्या वरच राहायच्या. सारं आयुष्य त्यांनी इतिहास शिकवण्यात घालवलं होतं, आणि निवृत्त झाल्यावर वर्तमानपत्रांतल्या चुका शोधून संपादकांना फोन करण्यात त्यांचा दिवस जात असे. कुठल्याशा समारंभात पाहुण्यांनी एक सन चुकीचा सांगितला, तेव्हा त्यांनी प्रेक्षकांतून उठून तो दुरुस्त केला होता. पाहुणे मंत्री होते.

बाई रांग बाजूला सारत आत आल्या आणि स्टुलावर बसल्या.

"ही फ्लॉवरची प्रथा कोण सांगतंय?"

मेव्हणा गोणीमागे दिसेनासा झाला. खरेबुवा हात जोडून पुढे झाले. "बाई, चूक झाली. गुलाबांऐवजी हा माल आला. याने काहीतरी ठोकून दिलं. मला सकाळीच थांबवायला हवं होतं."

"म्हणजे याला काही आधार नाही?"

"काडीचा नाही."

"मग खरा आधार कशाला आहे, ते ऐका." बाईंनी चष्मा सारखा केला. खरेबुवांनी मान खाली घातली. "व्हॅलेंटाइन नावाचा संत एक होता, दोन होते की तीन, यावरच एकमत नाही. राजाने सैनिकांच्या लग्नांना बंदी केली होती आणि त्याने ती चोरून लावली, म्हणून त्याचा शिरच्छेद झाला, असं सांगतात. पण ते कित्येक शतकांनी लिहिलेलं. त्याहूनही जुना कसला तरी उत्सव याच दिवसांत होता, म्हणून हा दिवस आला, असं काही जण म्हणतात. त्यालाही पक्का पुरावा नाही. संताचा आणि प्रेमाचा संबंध लावला तो मुळात कवींनी. एकाने लिहिलं, की या दिवशी पाखरं आपला जोडीदार निवडतात. झालं! लोकांनी ते धरून ठेवलं. कुठे प्रेमिक लाकडाचे चमचे कोरून द्यायचे. एका देशात या दिवशी बायकांनी पुरुषांना चॉकलेट द्यायचं असतं, आणि ते सुरू केलं चॉकलेट विकणाऱ्यांनीच."

"म्हणजे," मेव्हण्याचं डोकं गोणीमागून वर आलं, "सगळं असंच कोणीतरी..."

"कोणीतरी कधीतरी म्हटलं आणि माणसांना ते हवं होतं," बाई म्हणाल्या. त्यांनी बाहेरच्या रांगेकडे पाहिलं. रांग आता कोपऱ्यापलीकडे वळली होती. "चाळीस वर्षं मी हे वर्गात शिकवलं, की प्रथा कशा जन्माला येतात ते कुणालाच बघायला मिळत नाही. आपण पोचेपर्यंत त्या जुन्या झालेल्या असतात. आणि आज माझ्या जिन्याखाली..." त्या उठल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत त्या स्टुलावरच बसून राहिल्या, लहान मुलीने जत्रा पाहावी तशा.

उन्हं कलली आणि गोणी संपल्या. शेवटचा गड्डा एका आजोबांनी नेला. नेण्याआधी त्यांनी खिशातून रुमाल काढून त्याच्या पानांवरची माती टिपली. प्रत्येक पान उचलून. मागची रांग तोवर थांबून राहिली.

आणि अगदी तेव्हाच दुकानासमोर एक टेम्पो करकचून थांबला. ड्रायव्हरशेजारून कारखान्याच्या कँटीनच्या मावशी उतरल्या. मावशी म्हणजे भरभक्कम प्रकरण. त्यांच्या कँटीनमध्ये मॅनेजरसुद्धा ताट स्वतः उचलून ठेवायचे.

"कोण तो फ्लॉवरवाला?" त्या गरजल्या. "रात्रपाळीच्या जेवणाला भाजी मागवली होती मी. सकाळी खोकी आली ती न बघता थंड खोलीत टाकली. आत्ता चिरायला उघडली, तर गुलाब! शंभर माणसं जेवायला बसतील माझ्याकडे. त्यांच्या ताटात काय वाढू, काटे?"

ड्रायव्हरने खोकी उतरवली. खरेबुवांचा जीव भांड्यात पडला. गुलाब! टवटवीत, लालभडक, दिवसभर थंडीत राहिलेले, एक पाकळी दुमडलेली नाही. ते खोकं उचलून रांगेसमोर आले. "मंडळी, गुलाब आले! या, घ्या!"

रांग जागची हलली नाही.

"आम्हाला फ्लॉवर हवाय," पुढचा मुलगा म्हणाला.

"फ्लॉवर संपला. गुलाब बघा ना किती सुरेख आहेत!"

"गुलाब काय कधीही मिळतात," मागून कोणीतरी म्हणालं. "आणि ते मूळ नाही."

आता मात्र खरेबुवांना राहवलं नाही. ते बादलीवर चढून उभे राहिले. "ऐका! मी खरं सांगतो. असली काहीही प्रथा नाही. राजा नाही, माळ्याची मुलगी नाही. चुकून भाजी आली आणि माझ्या मेव्हण्याने सकाळी ही गोष्ट रचली. मी तुमची माफी मागतो."

मग एक मुलगी शेजारणीला म्हणाली, "माल संपला म्हणून खोटं बोलतायत."

"हो ना. गुलाब खपवायचेत त्यांना."

"काका, निदान आजच्या दिवशी तरी खरं बोला!"

आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी खरेबुवांना खोटारडा म्हणत होतं. ते बादलीवरून उतरले.

"तुमचं ते नंतर," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज आता चढलेला नव्हता, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. "माझ्या माणसांनी काय खायचं? आजच्या दिवशी घर सोडून यंत्रापाशी उभी राहतात ती. दुपारपासून साऱ्या बाजारात फ्लॉवर नाही. जो तो छातीशी धरून फिरतोय."

मेव्हणा पांढराफटक पडला होता. "माझ्यामुळे झालं," तो म्हणाला. "मावशी, मी येतो तुमच्याबरोबर. सगळ्यांसमोर उभा राहतो. काय बोलायचं ते मला बोलू दे त्यांना." त्याच्या तोंडून आज दिवसभरात निघालेलं हे पहिलं खरं वाक्य होतं.

तेव्हा प्राध्यापकबाई स्टुलावरून उठल्या. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. निम्म्या रांगेला त्यांनी कधी ना कधी शिकवलेलं होतं.

"प्रथा," बाई वर्गात बोलत तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला अर्धीच सांगितली गेली आहे."

खरेबुवांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं.

"अर्धा फ्लॉवर आपल्या माणसाला. उरलेला अर्धा अशा कोणाला, ज्याला त्या संध्याकाळी कामामुळे आपल्या माणसाजवळ राहता येत नाही. हे दुसरं अर्धं केल्याशिवाय पहिलं पुरं होत नाही. आणि आज रात्री कारखान्यात शंभर माणसं आहेत. कळवा सगळ्यांना."

शंभर लोकांनी एकदम मोबाइल काढले.

"बाई!" खरेबुवा कुजबुजले. "तुम्हीसुद्धा?"

"कुठे बोलू नका," त्या म्हणाल्या आणि पुन्हा बसल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि तो खरेबुवांना फार तरुण वाटला.

लोक येऊ लागले. सर्वांत आधी दातांचे डॉक्टर आणि चष्म्याच्या दुकानातली मुलगी, दोघांनी मिळून एकच पिशवी धरलेली. मग मघाच्या वहिनी आल्या, बरोबर खाली मान घातलेला नवरा. गड्डा त्यांनी सुरीने बरोबर मधोमध कापला होता. कंडक्टर आला, हवालदार आला, या खेपेला टोपी डोक्यावर आणि तुरे हातात. आजोबा स्वतः आले नाहीत. त्यांनी शेजाऱ्याच्या हाती अर्धा गड्डा पाठवला होता, रुमालात बांधून. गुलाबांसाठी धुतलेल्या बादल्या एकेक करून भरल्या. मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. अधूनमधून त्या काहीतरी बोलायला तोंड उघडायच्या आणि तसंच मिटायच्या. खरेबुवा नुसते बघत राहिले. एवढी माणसं, एवढे अर्धे अर्धे तुकडे, आणि कोणी कोणाला ओळखतही नव्हतं. गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखं त्यांना वाटलं, आणि उगीचच चपला काढाव्यात की काय असंही वाटून गेलं.

टेम्पो भरला. मेव्हणा मावशींबरोबर भाजी चिरू लागायला गेला.

खरेबुवांनी दुकान बंद केलं. गुलाब तसेच पडून होते. आयुष्यभर गुलाब विकूनही त्यांनी बायकोला कधी एक दिला नव्हता; दुकानदाराने आपलाच माल घरी काय न्यायचा, असं त्यांना वाटायचं. आज मात्र त्यांनी एक अख्खं खोकं उचललं आणि मान ताठ करून घरी नेलं.

बायको पोस्टात खिडकीवर बसायची. ती नुकतीच घरी आली होती. तिने खोक्यात पाहिलं.

"गुलाब?" ती म्हणाली.

"तुझ्यासाठी."

"दिवसभर माझ्या खिडकीशी बायका फ्लॉवर मिरवत होत्या. आमच्या पोस्टमास्तरीणबाईंनी तर टेबलावर मांडून ठेवला होता. विचारत होत्या, तुमच्या दुकानातलाच ना हा, मग तुम्हाला केवढा मिळाला असेल! आणि मला हे उरलेले गुलाब?"

"अगं, ती प्रथा खोटी आहे. तुझ्याच भावाने..."

"त्याला मी तो रांगायचा तेव्हापासून ओळखते. मला काय कळत नाही?" ती स्वयंपाकघराकडे वळली. "खोटी असली म्हणून काय झालं? मिळाला असता तर आवडला असता."

खरेबुवा उंबऱ्यातूनच मागे फिरले. भाजीच्या दुकानांत शोधलं, हातगाड्यांवर विचारलं. कोणाकडे एक तुरा नव्हता. शेवटी ते कारखान्याच्या कँटीनमध्ये जाऊन उभे राहिले. रात्रपाळीची माणसं जेवत होती. लांबलचक टेबलं, वाफाळलेली ताटं, आणि एरवी भांड्यांचा जो खणखणाट असतो तो आज नव्हता. एक आडदांड माणूस वाढणाऱ्या मेव्हण्याला विचारत होता, "हे कोणी पाठवलं म्हणालास?"

"सगळ्यांनी," मेव्हणा म्हणाला. पुढे काही जोडायचं त्याला सुचलं नाही.

मावशींनी मुकाट्याने पातेल्याचा तळ खरवडला आणि एक स्टीलचा डबा भरून दिला.

खरेबुवा घरी पोचले तेव्हा बायकोने गुलाब पाण्यात ठेवले होते. घरातली सगळी पातेली त्यात अडकली होती. त्यांनी डबा तिच्यासमोर ठेवला. तिने झाकण उघडलं. वाफ वर आली.

"हा कुठला?"

"सकाळचाच," खरेबुवा म्हणाले. "पहिल्या गोणीतला. खास तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवला होता."

डब्याच्या पोटावर कारखान्याच्या कँटीनचं नाव ठसठशीत अक्षरांत कोरलेलं होतं, आणि ते तिच्याच बाजूला आलं होतं. बायको ते वाचून नवऱ्याकडे बघू लागली. त्यांचे कान लाल झाले होते, पण त्यांनी नजर खाली घेतली नाही. मग तिने डबा हळूच फिरवला, अक्षरं भिंतीकडे गेली, आणि दोन चमचे घेऊन ती म्हणाली, "हो का? मग बसा. गरम आहे तोवर खाऊन घेऊ."